थांबण्याचे पैसे

आई, आज पगाराचा दिवस होता आणि मी सकाळपासून तुझ्याशी बोलते आहे, तोंडातल्या तोंडात. माझ्या टेबलासमोरून साठ बायका पगाराची पावती घेऊन गेल्या. प्रत्येकीच्या पावतीवर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या खाली एक नवी ओळ होती, जी या कारखान्यात आजवर एकाही बाईच्या पावतीवर छापली गेली नव्हती: जादा काम, दुप्पट दराने. एकीने पावती उलटी करून मागे काही अट लिहिली आहे का ते पाहिलं. दुसरीने ती घडी घालून पाकिटात ठेवली आणि दाराशी गेल्यावर पुन्हा काढून वाचली. मी गंभीर चेहरा करून सह्या घेत होते, कारण ऑफिसात असं हसत बसणं बरं दिसत नाही, पण टेबलाखाली माझे पाय नाचत होते. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तुला सांगावं असं पुष्कळ झालं. बीए झाले, मग कामगारविषयक पदविका केली, नोकरी लागली, बाबांची वॉचमनची रात्रपाळी सुटली. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी हडपसरजवळच एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. लहान मुलांचे कपडे शिवून परदेशात जातात. एचआर म्हणजे काय ते तुला सोपं करून सांगते. तुमच्या बिस्किटाच्या शेडमध्ये टाइम ऑफिसात तो चष्मेवाला बसायचा ना, ज्याला तुम्ही सगळ्या 'हजेरीवाले भाऊ' म्हणायच्या, त्याची खुर्ची आता माझ्याकडे आहे. फक्त ती फिरते आणि वर एसी आहे. आमच्या फिनिशिंग विभागात धागे कापणं, तपासणी, इस्त्री आणि पॅकिंग ही कामं बायका करतात. तुझ्यासारख्याच, दिवसभर उभ्या. पहिल्या दिवशी मी त्यांना पाहायला खाली गेले आणि साडेपाचचा भोंगा झाला. सगळ्या जणी रांगेत गेल्या, हजेरीच्या मशीनवर अंगठा लावला, आणि त्यातल्या निम्म्या वळून परत आपापल्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. कात्र्या पुन्हा चालू झाल्या. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तूही असंच करायचीस. तुमच्या वेळी कार्ड होतं, आता अंगठा, एवढाच फरक.

तुझे पगाराचे शब्द मला सगळे पाठ होते. पोर बाराखडी शिकतं तशी मी ते शिकले. हजेरी म्हणजे दिवसाची मजुरी. खाडा म्हणजे ती बुडाली तो दिवस. उचल म्हणजे आधीच घेतलेले पैसे, जे पुढच्या पगारातून जातात आणि ज्यांचं नाव बाबांसमोर काढायचं नसतं. फरक म्हणजे दरवाढ उशिरा लागू झाली की मागचं जे एकदम हातात येतं ते, आणि फरक आला की आपल्याकडे मटण. साडेपाचनंतरच्या तासांना मात्र तुमच्याकडे पैशाचा शब्दच नव्हता. मी आठवीत आहे. गणितात एक उदाहरण आलंय, एका कामगाराला जादा कामाचा दर दुप्पट, तर आठवड्याची मिळकत किती. तू शेगडीपाशी बसून वांगी चिरते आहेस, अंगाला बिस्किटांचा गोड वास येतोय. मी विचारते, आई, तुला ओव्हरटाइमचे किती मिळतात?

"आमी ओटी नाई करत," तू म्हणतेस. "ओटी बाप्ये करतेत, मशीनवरचे. आमी थांबतो."

"मग थांबण्याचे पैसे?"

"शेठ खुशी देते ना."

"किती?"

"खुशीले भाव असते का कुठं? शिकून असेच प्रश्न करायचे असतीन तर ठेव ते पुस्तक अन् मीठ दे इकडं."

मी मीठ दिलं. तू रागावली नव्हतीस, पण पुन्हा विचारायचं नाही हे मला कळलं. वाशीमहून पुण्यात आल्यावर तुला मिळालेलं ते पहिलं काम होतं, आणि 'थांब' म्हणतात म्हणजे आपल्यावाचून अडतं, असं तू शेजारच्या काकूंना अभिमानाने सांगायचीस. खुशी म्हणजे वर्षातून दोन-तीनदा मिळणारं पाकीट, त्यावर ना नाव ना आकडा. एका पाकिटातून तू मला दहावीसाठी टेबललॅम्प घेऊन दिलास. आपण बसने बुधवार पेठेत गेलो, चार दुकानं फिरलो, आणि शेवटच्या दुकानात तू म्हणालीस, भाऊ, थोडं कमी करा ना. दुकानदाराने मान वरसुद्धा केली नाही. "काय कमी करू ताई, किंमत की उजेड?" तू इतकी हसलीस की सगळे पैसे मोजून दिलेस. घरी येईपर्यंत बसमध्ये ते वाक्य तू दोनदा म्हणून दाखवलंस, अगदी त्याच्या सुरात.

तर आता या वर्षीची गोष्ट. परदेशी ग्राहकाकडून एक ऑडिटवाल्या बाई येणार होत्या. त्यांच्या यादीत होतं की कामगारांचे पगाराचे नियम कामगारांच्या भाषेत, सगळ्यांना दिसेल अशा जागी लावलेले हवेत. आमच्या व्यवस्थापक साहेबांनी ते काम मला दिलं. घरातली पहिली पदवीधर, मराठी घेऊन बीए, माझ्या अंगात काय संचारलं विचारू नकोस. चार संध्याकाळी बसून मी बोर्ड लिहिला. 'अतिकालिक कामाचे वेतन सर्वसाधारण वेतनाच्या दुप्पट दराने देय राहील.' असली पंचवीस वाक्यं. फ्लेक्सवर छापून घेतला, पिण्याच्या पाण्याच्या कूलरशेजारी लावला आणि लांब उभी राहून बघत बसले. तीन दिवस बायका येऊन त्याच्याकडे पाठ करून पाणी पीत होत्या. चौथ्या दिवशी मी पॅकिंगच्या मावशींना गाठलं. त्या फुरसुंगीकडच्या, विभागात सगळ्यांत जुन्या, सगळ्या बायका त्यांचं ऐकतात.

"मावशी, बोर्ड वाचला का?"

"वाचला की. लई मोठा हाय."

"काय लिहिलंय त्यात?"

"सायेब लोकांच्या पेन्शनीचं दिसतंय कायतरी," मावशी म्हणाल्या आणि ग्लास विसळून पालथा घातला.

मला रडूच यायचं बाकी होतं. दुपारी मी डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसले आणि विचारलं, साडेपाचनंतर तुम्ही जे काम करता त्याला काय म्हणता? मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाण्याला काय म्हणता असं मी विचारलं होतं. "थांबणं," त्या म्हणाल्या. "दुसरं काय म्हणायचं?" आणि त्याचे मिळतात काय? "बक्षीस. शिपमेंट गेली की पाकीट देत्यात." भाजीचा घास माझ्या हातातच राहिला. आई, दुसरा कारखाना, दुसरा मालक, इतक्या वर्षांचं अंतर, आणि बायका तुझंच वाक्य बोलत होत्या. मी जेवण अर्धं टाकून वर गेले आणि कॉम्प्युटरवर हजेरी उघडली. एक रकाना होता, जादा तास. मेंटेनन्सच्या बारा पुरुषांच्या नावांपुढे तो भरलेला होता, दोन तास, तीन तास, अडीच. साठ बायकांच्या नावांपुढे शून्य. सगळ्या साडेपाचला घरी गेल्या होत्या. अंगठा तसं सांगत होता.

मी खाली येऊन मावशींना विचारलं की तुम्ही आधी अंगठा लावून मग परत कामाला का येता. त्याचं कारण मला माहीत होतं, तुझ्याकडून ऐकलेलं. तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, "भोंग्याला अंगठा न्हाई लावला तर हजेरी अर्धी होती." कोणी सांगितलं? कोणालाच आठवत नव्हतं. सकाळी उशीर झाला तर अर्धी हजेरी जाते, हे खरं आहे. त्यावरून संध्याकाळचंही तसंच असणार, असं कोणीतरी कधीतरी धरलं, आणि नवी आलेली प्रत्येक बाई जुनीकडून ते शिकली. तूही शिकलीस. तुझ्या कार्डावर अर्ध्या हजेरीचा लाल शिक्का नाही याचा तुला केवढा अभिमान होता. मी साहेबांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "आम्ही कोणाला अंगठा लावायला सांगत नाही. त्या आपणहून लावतात. आम्ही काय हात धरायचे?" ते खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं कोणालाही काही खोटं सांगावंच लागलं नव्हतं.

मी बोर्ड उतरवला आणि दुसरा लिहिला. सात ओळींचा. हजेरी, खाडा, उचल, फरक, रजेचे पैसे, सगळं त्यांच्या शब्दांत, आणि सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत: 'साडेपाचनंतर थांबलात तर ते जादा काम आहे. त्याचे पैसे दुप्पट. बक्षीस वेगळं. अंगठा निघताना लावा.' साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला.

"हे असलं मराठी बोर्डावर? आपण बीए झालात ना?"

"हो सर. ऑडिटवाल्या बाई बायकांना विचारणार आहेत, बोर्डावर काय लिहिलंय सांगा म्हणून. मागचा कोणालाच सांगता आला नसता."

"आणि 'दुप्पट' एवढं मोठं?"

"लांबून दिसावं म्हणून."

"दिसतंय," ते म्हणाले. "माझ्या केबिनमधूनसुद्धा दिसतंय." पण ऑडिट तोंडावर होतं, आणि बोर्डावर एकही गोष्ट कायद्याबाहेरची नव्हती. तो राहिला. माझा प्रोबेशनचा काळ संपायला अजून दोन आठवडे बाकी आहेत, याची त्यांनी जाता जाता आठवण करून दिली.

बोर्ड वाचून बायका हसल्या, आपापसांत बोलल्या, आणि साडेपाचला पुन्हा रांगेत जाऊन अंगठा लावून आल्या. मी मावशींपुढे जाऊन उभी राहिले. हजेरी अर्धी होत नाही, मी स्वतः कॉम्प्युटरवर पाहिलंय, असं सांगितलं. "आन झाली तर? तू भरून देणार?" मावशींनी विचारलं. मी आवेशात म्हणाले, हो, देईन. "साठ जणींची?" मी बोटांवर हिशोब करायला लागले. "पगार किती हाय गं तुझा?" मी सांगितला. सगळं टेबल हसलं. इस्त्रीवरची एक म्हणाली, "म्याडम, त्यात तुमच्या चपला तरी येत्यात का?" मीही हसले, पण मला कळलं होतं की माझ्या शब्दाला इथे वजन नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी जाणार होती ती त्यांची, माझी नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, रांग लागली, आणि मावशी टेबलाशीच राहिल्या. एकट्या. शेजारणीने कोपर मारलं तर म्हणाल्या, "माझी एकलीची जाऊ दे अर्धी. बघू तर खरं." आठ वाजता पर्स खांद्याला लावून त्यांनी अंगठा लावला, आणि मशीनकडे अशा बघत उभ्या राहिल्या की जणू ते आता काहीतरी बोलणार आहे.

सकाळी त्या भोंग्याआधी वर आल्या. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. हजेरी पूर्ण. जादा तास अडीच. त्यांनी चष्मा पुसला, नाव नीट वाचलं, आपलंच आहे ना याची खात्री केली. मग म्हणाल्या, "एकवीस वरीस." त्या संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा मशीनपाशी कोणीही नव्हतं. घरी जाणाऱ्या अंगठा लावून गेल्या आणि थांबणाऱ्या थांबल्या, मधली ती जाण्यायेण्याची रांग लागलीच नाही. सुपरवायझर दादा धावत आले. "काय, अंगठ्याला सुट्टी का आज?" मावशी हातातला फ्रॉक घडी घालत म्हणाल्या, "निघताना लावणार. बोर्डावर हाय, वाचा की." साहेब खाली आले. हे काय चाललंय, त्यांनी विचारलं. कोपऱ्यातली एक नवी मुलगी, जिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता, म्हणाली, "काम, सर."

एवढ्यावर सगळं मिटलं असतं तर ती पुस्तकातली गोष्ट झाली असती. दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी बायकांना थांबवून घेणंच बंद केलं. साडेपाचला भोंगा, सगळे घरी. दोन दिवस, तीन दिवस. पाकिटाचीही आशा गेली, आणि कूलरपाशी बायका माझ्याकडे बघेनाशा झाल्या. एकीच्या मुलाची क्लासची फी होती. साहेब मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "अभिनंदन. आपल्यामुळे सगळ्यांना वेळेत घरी जाता येतंय." मी घरी जाऊन बाबांना म्हणाले, मी चूक केली. ते म्हणाले, "थांब जरा," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. चौथ्या दिवशी मालाची गाडी सकाळी सुटायची होती आणि हॉलमध्ये दोन हजार फ्रॉक धागे लोंबत पडले होते. सव्वापाचला सुपरवायझर दादा हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले. मी जिन्यावर होते. त्यांनी घसा साफ केला. "ताई, मावशी, आज जरा सहकार्य करा," ते म्हणाले. कोणी वर पाहिलं नाही. कात्र्या चालूच. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, तर माझ्या मागे साहेब येऊन उभे होते. साहेबांनी मान किंचित हलवली. दादा पुन्हा वळले आणि जरा मोठ्याने म्हणाले, "आज जादा काम आहे. दुप्पट दराने. ज्यांना जमेल त्यांनी थांबा."

आई, साठपैकी चोपन्न जणी थांबल्या. मी उगीचच हातातली फाइल उघडून त्यात तोंड घातलं. किती साधं वाक्य होतं ते. पण ते एका माणसाला साठ बायकांच्या समोर, त्यांच्या तोंडाकडे बघत, मोठ्याने म्हणावं लागलं. खुशी नाही, बक्षीस नाही, सहकार्य नाही. ऑडिटवाल्या बाई नंतर आल्या, नव्या मुलीला बोर्डाविषयी विचारलं, आणि तिने सातही ओळी पाठ म्हणून दाखवल्या. माझा प्रोबेशनचा काळ संपला आणि मी कायम झाले. पत्र देताना साहेब म्हणाले, "आपल्याला काढलं असतं तर पुढचा बोर्ड कोणी लिहिला असता?" पुण्यात याला कौतुक म्हणतात.

आज मावशी पावती घ्यायला सगळ्यांत शेवटी आल्या. सही केल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुझी आई काय करायची गं?" मी म्हणाले, बिस्किटांच्या कारखान्यात होती, पॅकिंगला, अकरा वर्षं. "तरीच," त्या म्हणाल्या. मला इतका अभिमान वाटला की मी तुझ्याबद्दल पंधरा मिनिटं बोलत राहिले. घरी येताना बसमध्ये मात्र एक गोष्ट आठवली आणि मग हे लिहायला बसले.

कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी तू खाडा करून माझ्याबरोबर आली होतीस. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय, आईचा व्यवसाय, असे रकाने होते. माझ्या पुढच्या मुलीने 'शिक्षिका' लिहिलेलं मी पाहिलं. मग मी फॉर्म सहीसाठी तुझ्यापुढे धरला. तू अक्षर अक्षर लावून वाचायचीस, बोट ओळीखाली ठेवून. खिडकीतला क्लार्क म्हणाला, लवकर करा हो बाई. तरी तू वरपासून खालपर्यंत बोट फिरवलंस, सही केलीस, पेन परत केलंस आणि म्हणालीस, चल, भूक लागली असन तुले. मी तेव्हा ठरवून टाकलं की तू वाचलं नाहीस.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तू असतीस तरी दिलं नसतं. तुला वेळ लागला असता, पण तू एकही ओळ न सोडता इथवर आली असतीस. अकरा वर्षं तू त्या शेडमध्ये उभी होतीस, आई, आणि तुझ्या रकान्यात मी गृहिणी लिहिलं होतं.